ख्रिस्ती विश्वास तर्काला धरून आहे का? पुरावा, गणित आणि बाधक

बोरीकाठ (अमळनेर) – धागाकर्ता

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर असल्याने आपल्याकडे ईश्वराचा विषय निघाला की गाडी लगेच शंकराचार्यांकडे वळते. या धाग्यात ती तिकडे नेऊ नका. विषय एवढाच: ख्रिस्ती विश्वासाचं तर्काने समर्थन होतं का?

यात दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला, देव आहे आणि येशू मेलेल्यांतून उठला ही विधानं खरी आहेत का? दुसरा, ती खरी असोत-नसोत, मानणारा माणूस विचार करताना कुठे चुकतो आहे का? टॉलेमीच्या काळात सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं मानणारा चूक होता, अविचारी नव्हता. अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅल्विन प्लँटिंगांनी २००० साली असा दावा केला की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला हात न लावता देताच येत नाही. 'खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण मानणं मात्र अविवेकाचं आहे' ही मधली जागा त्यांच्या मते रिकामी आहे. मला हा दावा तपासायचा आहे.

धर्मांतराचं राजकारण नको. 'सगळे धर्म शेवटी एकच' हेही नको. युक्तिवाद मोडतो असं वाटलं तर कोणत्या पायरीवर मोडतो ते लिहा.

खडकाळ (धुळे)

पायरी पहिलीच घ्या. इंग्लिश गणितज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्डने १८७७ मध्ये जहाजमालकाचं उदाहरण दिलं. जहाज जुनं आहे हे ठाऊक असून 'आजवर बुडालं नाही, आताही बुडणार नाही' अशी मनाची समजूत घालून तो उतारू भरतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं तरी मालक दोषीच, कारण तसा विश्वास ठेवायला त्याच्याकडे आधार नव्हता. म्हणजे 'खरं निघालं की नाही' हे न बघताही दोष देता येतो. मधली जागा रिकामी नाही.

आणि चमत्काराबाबत स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये कसोटी देऊन ठेवली आहे. साक्ष खोटी असणं हे त्या चमत्कारापेक्षाही जास्त अशक्य असेल तरच साक्ष माना. मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे चार शुभवर्तमानांच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकांच्या) जोरावर या कसोटीला उतरत नाही.

गणिती_रावेर

ह्यूमची कसोटी बरोबर आहे, पण ती आकड्यात मांडली की तिचा निकाल ठरलेला राहत नाही. नवा पुरावा मिळाला की शक्यता किती बदलते याचं गणित मांडणाऱ्या बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापून आणणारा रिचर्ड प्राइस स्वतः पाद्री होता आणि त्यानेच १७६७ मध्ये ह्यूमला उत्तर दिलं. हा योगायोग नव्हे.

आपल्या भागातलं उदाहरण घेतो, आकडे हिशोबापुरते. १००० केळीच्या रोपांत एकाला हरण्या हा विषाणूरोग (सीएमव्ही) आहे. चाचणी १०० पैकी ९९ रोगी रोपं पकडते, पण १०० निरोगी रोपांपैकी ५ वर खोटा ठपका ठेवते. चाचणी 'रोगी' म्हणाली, तर रोप खरंच रोगी असण्याची शक्यता जेमतेम २ टक्के. इथवर ह्यूम जिंकला. त्याच रोपाची दुसरी चाचणी केली आणि तीही तेच म्हणाली, तर २८ टक्के. तिसरीनंतर ८९. म्हणजे मुळात कितीही दुर्मिळ गोष्ट असली तरी साक्षींची रास ती पटवून देऊ शकते. अट एकच. चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. तिन्ही वेळा एकाच दूषित नमुन्यातलं पान वापरलं असेल तर तुम्ही अजून २ टक्क्यांवरच आहात.

आता ख्रिस्ती बाजूचे दोन प्रसिद्ध हिशोब बघा.

रिचर्ड स्विनबर्न (२००३): देव असण्याची शक्यता १/२, असला तर तो मनुष्यदेह धारण करेल याची १/२, म्हणजे सुरुवातीलाच १/४. जसे पुरावे आपल्याकडे आहेत तसे मिळण्याची शक्यता, देहधारण झालं असेल तर १/१०, नसेल तर १/१०००. उत्तर ९७ टक्के. गणित चोख आहे. पण सुरुवातीचा १/४ काढून १/१००० ठेवा, बाकी काही हलवू नका, उत्तर ९ टक्क्यांवर येतं. सगळा खेळ पहिल्या आकड्याचा आहे आणि तो आकडा इतिहासातून येत नाही, देवाविषयीच्या आधीच्या मतातून येतो.

टिमोथी आणि लिडिया मॅकग्रू (२००९) यांनी हुशारी केली. त्यांनी सुरुवातीचा आकडा दिलाच नाही, फक्त पुरावा पारडं किती पटीने झुकवतो ते काढलं. रिकामी कबर पाहिल्याची स्त्रियांची साक्ष १०० पट, तेरा शिष्यांची प्रत्येकी १००० पट, आधी विरोधक असलेल्या पौलाचं परिवर्तन १००० पट. गुणाकार १ वर ४४ शून्यं. यातली ३९ शून्यं त्या तेरा जणांची, आणि ती सरळ गुणून आली आहेत कारण तेरा साक्षी स्वतंत्र धरल्या आहेत. एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे, एकाच संकटातून जाणारे तेरा जण! स्वातंत्र्याच्या या प्रश्नावर लेखकांनी स्वतः चर्चा केली आहे आणि त्यांचं मत वेगळं आहे, ते वाचावं. मला ते पटत नाही. तेरा साक्षींचा ऐवज एका साक्षीइतका धरला तर ४४ ची ८ शून्यं उरतात. तरीही ८ शून्यं काही कमी नाहीत, हे खडकाळ यांनीही लक्षात घ्यावं.

खडकाळ

स्वातंत्र्याचाच मुद्दा पुढे नेतो. मार्कच्या शुभवर्तमानात सुमारे ६६० वचनं आहेत, त्यातली ६०० च्या वर मत्तयच्या शुभवर्तमानात थोड्याफार फरकाने सापडतात. लूकनेही मार्क समोर ठेवून लिहिलं, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे 'चार शुभवर्तमानं' ही चार चाचण्या नव्हेत. शिवाय सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्क १६:८ वर संपतो. स्त्रिया भिऊन पळतात आणि पुस्तक बंद. उठलेल्या येशूचं दर्शन सांगणारी ९ ते २० ही वचनं त्यांत नाहीत.

नवापूरकर

मार्क १६:९–२० बद्दल वाद नाही, आजच्या बायबलांतही तिथे टीप किंवा कंस असतो. पण खडकाळ भाऊ, पुनरुत्थानाचा सर्वांत जुना लेखी पुरावा शुभवर्तमानांत नाहीच. तो करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, १५:३–८. पत्र इ.स. ५५ च्या आसपासचं. त्यात पौल म्हणतो की मला जे मिळालं ते मी तुम्हाला दिलं, आणि मग उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्याची यादी येते: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित, शेवटी तो स्वतः. ही यादी पत्राहून जुनी आहे, हे ख्रिस्ती नसलेले अभ्यासकही मानतात. गलतीकरांस पत्रात (१:१८–१९) तो सांगतो की परिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन केफाजवळ १५ दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो. दोन माणसांशी समोरासमोर भेट झालेला साक्षीदार आपल्या हातात आहे.

यातून निष्पन्न काय होतं ते नेमकं सांगतो. त्या माणसांना दर्शन झालं असं ते मनापासून मानत होते, इतकं इतिहास देतो. दर्शनामागे काय होतं हे इतिहास एकटा ठरवत नाही.

आणि हे सगळं बाजूला ठेवून एक विचारतो. नवापूर तालुक्यातल्या मंडळीत रविवारी बसणाऱ्या बाईने बेझ वाचलेला नाही. तिचा विश्वास या हिशोबावर उभा नाही. मग हिशोब डगमगला की तिचा विश्वास आपोआप अविवेकी ठरतो का? प्लँटिंगांचं उत्तर 'नाही', आणि ते भावनेपोटी दिलेलं नाही. एखादी समजूत ज्ञान ठरायला ते चार अटी घालतात. ती घडवणारी बुद्धीची यंत्रणा बिघडलेली नसावी. ज्या वातावरणासाठी ती आहे त्याच वातावरणात ती चालावी. यंत्रणेचा तो भाग सत्य गाठण्यासाठी असावा, नुसतं समाधान देण्यासाठी नव्हे. आणि अशी यंत्रणा बहुतेक वेळा सत्यच गाठणारी असावी. काल संध्याकाळी काय जेवलो हे आपण अनुमानाने काढत नाही, आठवतं आणि मानतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन म्हणतो तशी देवाची जाणीव देणारी यंत्रणा माणसात असेल, तर देवावरचा विश्वास त्याच जातीचा आहे. नसेल तर नाही. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून.

क्लिफर्डच्या मालकाचंही यात बसतं. त्याची समजूत पैसा वाचवण्यासाठी घडली, सत्यासाठी नव्हे. तिसरी अट तिथेच मोडली.

तरसोदकर

पास्कलची पैज कोणी आणली नाही, बरं झालं. देव असला तर सगळं मिळेल, नसला तर थोडंच जाईल, म्हणून मानून टाका. पण कोणता देव? सातपुड्यात याहा मोगी आहे, घराघरात कानबाई आहे. रकाने वाढले की पैज कोलमडते. पुढे चला.

उपाधी_शोधक (जळगाव)

नवापूरकरांनी जे मांडलं ते आपल्याकडे सातव्या शतकात कुमारिल भट्टाने मांडून झालेलं आहे, आणि त्यावरचे आक्षेपही तयार आहेत. कुमारिल मीमांसक, म्हणजे वेद प्रमाण मानणाऱ्या दर्शनाचा. मीमांसकांचं स्वतःप्रामाण्य म्हणजे ज्ञान झालं की ते प्रमाण धरूनच चालायचं, प्रामाण्यासाठी वेगळा पुरावा मागायचा नाही. ते सोडायचं दोनच कारणांनी. एक, वस्तू तशी नाही असं नंतरचं ज्ञान झालं. दोन, ज्ञान ज्या कारणातून आलं त्यातच दोष सापडला. शिंपल्यात चांदी दिसली, हातात घेतली तर शिंपला, हे पहिलं. पांढरा शंख पिवळा दिसतो आणि मग कळतं की डोळ्याला कावीळ आहे, हे दुसरं. अमेरिकेतल्या जॉन पोलकने विसाव्या शतकात बाधकांचे (मानलेली गोष्ट सोडायला लावणाऱ्या कारणांचे) जे दोन प्रकार केले ते हेच: एक निष्कर्षालाच उलटवणारा, दुसरा निष्कर्षाखालचा आधार काढून घेणारा.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा माणूस, यावर म्हणाला, छे. प्रामाण्य परतः. ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून, यशस्वी प्रवृत्तीवरून ठरतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, म्हणून ते ज्ञान प्रमाण. खडकाळ नैयायिकाच्या बाजूने बोलताहेत, नवापूरकर मीमांसकाच्या. फक्त दोघांच्या डोक्यावर वेगळी पगडी आहे.

मीमांसकाची अडचण कुठे होते? कुमारिलाने या तत्त्वाने वेद राखला. पण बाधक मिळेपर्यंत मानायचं म्हटलं की बौद्धही बुद्धवचन तसंच राखू शकतो. म्हणून कुमारिलाला पुढचं पाऊल टाकावं लागलं: माणसाने सांगितलं की वक्त्याचा दोष शिरू शकतो, वेद अपौरुषेय (कोणा माणसाने न रचलेला), म्हणून तिथे कारणदोषाला जागाच नाही. ही पळवाट ख्रिस्ती माणसाला बंद आहे. त्याचा सगळा दावा माणसांच्या साक्षीवर आहे: पौल, केफा, याकोब. म्हणून त्याला हवं असो-नसो, शब्दप्रमाण न्यायाच्या पद्धतीने तपासून घ्यावं लागतं.

आणि तिथे न्याय उदार आहे. न्यायसूत्र १.१.७ म्हणतं, आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू. म्हणजे 'परक्यांचं पुस्तक' हा आक्षेप न्यायात बसतच नाही. बसतो तो प्रश्न असा: पौलाला वस्तू प्रत्यक्ष झाली का?

खडकाळ

मग कारणदोषच दाखवतो. अमळनेरात जन्मलेला सखाराम महाराजांच्या वाडीत जातो, नवापूरच्या मंडळीत जन्मलेला प्रार्थनेला. जन्मगाव बदललं असतं तर विश्वास बदलला असता. जी यंत्रणा गाव बघून वेगवेगळं उत्तर देते तिचं उत्तर कसं मानायचं? हा आधार काढून घेणारा बाधक आहे, उपाधी_शोधक यांच्याच भाषेत.

दुसरा बाधक तत्त्वज्ञ विल्यम रो यांचा, १९७९ चा. जंगलात वणवा लागतो, हरणाचं पाडस भाजतं, काही दिवस तडफडून मरतं. ना कोणाला कळतं, ना कोणाचं त्यातून भलं होतं. सर्वशक्तिमान आणि सर्वज्ञ असा भला देव असता तर त्याने हे टाळलं असतं, किंवा न टाळण्यासारखं कारण त्याच्याकडे असतं. तसं कारण दिसत नाही. म्हणून बहुधा ते नाही.

नवापूरकर

जन्मगावाचा मुद्दा सगळ्यांवर फिरतो. 'सगळ्या धर्मांबाबत संशय ठेवावा' हे मतही धुळ्यात शिकलेल्याला सुचतं, सोळाव्या शतकातल्या खेडुताला सुचलं नसतं. त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

रो यांच्या युक्तिवादातली कच्ची पायरी 'दिसत नाही' पासून 'नाही' कडे जाते. स्टीफन विकस्ट्रा यांनी १९८४ मध्ये अट घातली: गोष्ट असती तर ती मला दिसलीच असती, हे आधी दाखवा. देवाची कारणं माझ्या आवाक्यात असतीलच असं मानायला आधार काय?

गणिती_रावेर

विकस्ट्राची अट स्वस्त नाही. देवाची कारणं कळण्यापलीकडची म्हटलं की 'देव असता तर त्याने मनुष्यदेह धारण केला असता' या स्विनबर्नच्या १/२ लाही आधार उरत नाही. देव काय करेल हे ठाऊकच नसेल तर वचन पाळेल हे कशावरून? एकाच खिशातून दोन्ही देणी देता येत नाहीत.

आणखी एक. ख्रिस्ती दावा हा एकच दावा नाही, ती साखळी आहे: देव आहे, तो माणसाशी बोलतो, येशू त्याचा पुत्र, तो उठला, त्याच्या मरणाने पापाची क्षमा. आधीची कडी धरून पुढची प्रत्येक ०.९ दिली तरी पाच कड्यांचा गुणाकार ०.५९. प्रत्येक ०.८ दिली तर ०.३३. गंमत म्हणजे या गळतीकडे बोट खुद्द प्लँटिंगांनी दाखवलं, पुराव्यावर भिस्त ठेवणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांविरुद्ध. त्यावर मॅकग्रूंचं उत्तर असं की पुनरुत्थानाचा पुरावा शेवटच्या कडीवर येतो आणि तिथून मागच्या कड्याही वर उचलतो, म्हणून नुसतं ओळीने गुणत जाणं बरोबर नाही. गणिताच्या अंगाने त्यांचं म्हणणं योग्य आहे. पण उचलणारा पुरावा किती जड, हा प्रश्न परत स्वातंत्र्यावर येऊन थांबतो.

बोरीकाठ

जगाला कर्ता हवा, या जुन्या युक्तिवादाबद्दल कोणीच लिहिलं नाही. मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अ‍ॅक्वायनसचे देवाच्या अस्तित्वाचे पाच मार्ग?

उपाधी_शोधक

थोडक्यात लिहितो, कारण यातून ख्रिस्ती धर्माला फार मिळत नाही. न्यायाचा साचा घ्या. प्रतिज्ञा: पृथ्वी वगैरेंना कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्य आहेत. उदाहरण: घट. नैयायिक उदयनाने ही बाजू जोरात लढवली. विरोधकाने उपाधी, म्हणजे हेतूमागे लपलेली अट, दाखवली: घटाला कर्ता आहे तो नुसता कार्य म्हणून नव्हे, शरीराने केलेलं कार्य म्हणून. जिथे अग्नी तिथे धूर म्हणता येत नाही, ओलं सरपणही लागतं, तसंच हे. पृथ्वीबाबत शरीर दाखवता येत नाही, म्हणून व्याप्ती ('जिथे कार्य तिथे कर्ता' हा नियम) पोचत नाही. नैयायिकाचं उत्तर असं की शरीर हा गौण भाग, कर्त्याला ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न पुरेत. इथे मला विरोधक जड वाटतो. ज्या ज्या कर्त्याचा अनुभव आहे तो शरीरधारीच आहे.

समजा युक्तिवाद टिकला, तरी मिळतो तो ईश्वर. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मिळत नाही. हे अ‍ॅक्वायनसलाही मान्य होतं. देवाचं अस्तित्व बुद्धीने कळतं, त्रैक्य प्रकटीकरणानेच, अशी वाटणी त्यानेच केली. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने बुद्धीने देव कळतो हे कॅथलिकांसाठी सिद्धान्त म्हणून ठरवलं. उलट प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने १९३४ मध्ये आपल्याच पंथातल्या एमिल ब्रुनरला ठाम नकार कळवला. तर्काने देवाकडे जाणारी वाटच त्याला मान्य नव्हती. 'ख्रिस्ती भूमिका' एकवचनी बोलू नका, असं म्हणतो ते यासाठी.

तरसोदकर

मग नवापूरच्या त्या बाईचं काय ठरलं? इतलं पुरान लावं, पन बाई तठेच बसेल शे.

उपाधी_शोधक

ती कुमारिलाप्रमाणे बिनचूक आहे, जोवर बाधक तिच्यापर्यंत पोचलेला नाही. रो वाचलेल्या, मत्तय-मार्क शेजारी ठेवून पाहिलेल्या माणसाची स्थिती वेगळी. त्याच्याकडे बाधक आलेला आहे, तेव्हा 'मला असंच जाणवतं' एवढ्यावर तो परत जाऊ शकत नाही. प्लँटिंगा म्हणतात, मूळ जाणीवच पुरेशी बळकट असेल तर ती बाधकालाही हरवते. मला हे तोकडं वाटतं, कारण ही सवलत कोणत्याही हट्टी माणसाला मिळेल. कुमारिल अधिक शिस्तीचा आहे. पहिल्या ज्ञानाला दुसऱ्याने बाध आणला, तिसऱ्याने दुसऱ्यातला दोष दाखवला, तर पहिलं पुन्हा उभं राहतं, आणि तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज नाही. म्हणजे तिसरं ज्ञान नेमकं दाखवावं लागतं.

नवापूरकर

रो यांच्या बाधकापुरतं तिसरं ज्ञान विकस्ट्राची अट, आणि गणिती म्हणतात ती किंमत मोजायला मी तयार आहे. स्विनबर्नचा १/२ सोडतो. साक्षीबाबत माझी भिस्त तेरा जणांवर नाही, याकोबावर आहे. येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहान ७:५ सांगतो. तोच भाऊ पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख दिसतो, आणि त्याला दगडांनी मारल्याची नोंद योसेफस या ख्रिस्ती नसलेल्या यहुदी इतिहासकाराकडे आहे, इ.स. ६२ ची. पौल विरोधक, याकोब घरातला अविश्वासू. दोघं शिष्यांच्या घोळक्याबाहेरचे.

गणिती_रावेर

हा निवडलेला साक्षीदार चांगला आहे, तेरापेक्षा कितीतरी. दोन अडचणी लिहून ठेवतो. योसेफस मृत्यूची नोंद देतो, पण याकोबाने उठलेल्या येशूबद्दल काय साक्ष दिली हे सांगत नाही. तो मेला ते त्या साक्षीसाठीच, हेही त्या मजकुरातून निघत नाही. नियम मोडल्याचा आरोप, एवढंच आहे. आणि याकोबाला दर्शन झालं ही माहिती आपल्याकडे येते ती पौलाच्या यादीतूनच. त्यामुळे पौल आणि याकोब अगदी दोन वेगळ्या चाचण्या धरता येणार नाहीत. दीड म्हणा. प्रत्येकी १००० पट धरली तर सहा शून्यांऐवजी साडेचार. आता खडकाळ यांनी सांगावं, त्यांचा सुरुवातीचा आकडा किती?

खडकाळ

मी आकडा देणार नाही, आणि कारण देतो. मेलेला माणूस उठण्याची मुळातली शक्यता मोजायला अशा घटनांची मोजदाद हवी, तशी मोजदाद नाही. देव धरला तर ती एक, न धरला तर दुसरी. म्हणजे सुरुवातीचा आकडा लिहिताना मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन बसतो.

बोरीकाठ

खडकाळ, हे तर प्लँटिंगांच्या बाजूने गेलं.

खडकाळ

अर्ध्याने. मला आकडा देता येत नसेल तर स्विनबर्नलाही देता येत नाही, आणि ज्याला बाधक भेटला आहे त्याच्यावरचं ओझं तेवढ्याने उतरत नाही. वणव्यातल्या पाडसाबद्दल नवापूरकरांनी १/२ सोडला, 'देव वचन पाळेल हे कशावरून' हा प्रश्न मात्र अजून सोडवलेला नाही. त्यावर लिहा.